मदरबोर्ड आणि चौथं कडवं

आप्पा, मी मदरबोर्ड घेतला.

तुम्हाला हा शब्द ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही जाऊन सोळा वर्षं झाली. तेव्हा आपल्या घरात यंत्र म्हणावं असं एकच होतं, मामांनी मुंबईहून आणलेला टेपरेकॉर्डर, आणि त्याची बटणं दाबायचा मान फक्त तुमचा होता. मदरबोर्ड म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातली मोठी पाटी. बाकीचे सगळे भाग तिच्यातच खोचायचे असतात, म्हणून ती पारखून घ्यावी लागते. घराचं जोतं असतं तसं, असं मी आईला समजावलं. आई म्हणाली, "मग जोतं म्हन की सरळ," आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. आई बरी आहे. माझ्याकडेच असते, मिरजगावला. गुडघे सोडले तर सगळं शाबूत आहे, जीभ तर विशेष.

बोर्ड मी तुमच्या आवाजासाठी घेतला. माझ्या लग्नात तुम्ही भांडी दिली नाहीत. टेपरेकॉर्डर दिलात आणि पत्र्याच्या ट्रंकेत भरून एक्केचाळीस कॅसेटी दिल्यात. "पोरीला पानी प्यायला तांब्या न्हाई, आन् गानी निघाली सासरी," असं आत्या मला ऐकू येईल अशा बेतानं म्हणाली होती. तुमच्या गायन पार्टीचं पाच वर्षांचं गाणं त्या कॅसेटींत आहे. जयंतीची गाणी, लग्नातली गाणी, तुम्ही स्वतः रचलेली. गेल्या थंडीत ट्रंक उघडली, तर फितींच्या कडांना पांढरी बुरशी. एक कॅसेट लावून पाहिली, ती अर्ध्या गाण्यात तुटली. टेप दुरुस्त करून पोट भरणाऱ्या बाईला एवढं कळतं, की या फिती आता एकदा वाजतील, फार तर दोनदा. त्या एकदाच वाजण्यात जे धरता येईल ते राहणार, बाकीचं गेलं. त्या दिवशी मी ट्रंक बंद केली आणि ठरवलं की आधी धरायला जागा तयार करायची आणि मगच तुम्हाला गायला बसवायचं.

दुरुस्तीचं दुकान तुमच्या जावयांचं. पार्टीचा जळालेला अँप्लिफायर त्यांनी एका दुपारात बोलता केला आणि तुम्ही तिथल्या तिथे त्यांना विचारलंत, "लगीन झालंय का?" ते आठवून ते पुढे कितीदा हसायचे. म्हणायचे, मी मजुरी सांगायला तोंड उघडलं होतं आणि आप्पांनी पोरगी सांगितली. त्यांना जाऊन सात वर्षं झाली. दीर म्हणाले, दुकानाला कुलूप लावू. मी म्हटलं, किल्ली माझ्याकडे द्या, मी लावते. रोज संध्याकाळी लावते, रोज सकाळी काढते. त्यांची आकृत्यांची पुस्तकं होती, सगळी इंग्रजी, आणि मी नववीपर्यंतची. डिक्शनरी घेऊन बसले. पहिल्या वर्षी एका पानाला आठवडा लागायचा, आता एका पानाला एक चहा लागतो. त्यांच्या सोल्डरिंग गनच्या मुठीला त्यांनी गुंडाळलेली काळी चिकटपट्टी आहे. तिचा चिकटपणा संपलाय, ती हातात फिरते, पण ती मी बदलत नाही. दुकानातलं बाकी सगळं बदललं.

आता या कामाचं सांगते. तुमच्या एका कॅसेटला कॉम्प्युटरमध्ये तीनशे एमबी जागा लागते. हा हिशोब मी वहीत तीनदा मांडून पाहिला. लोक कागदपत्रं न्यायला ज्या फ्लॉप्या वापरतात, तशा दोनशेवर फ्लॉप्या झाल्या की तुमची एक कॅसेट मावते. एक्केचाळीस कॅसेटींना बारा जीबीच्या वर. माझ्याकडे एक कॉम्प्युटर होता, बंद पडलेल्या टायपिंग क्लासचा, पण त्याच्या बोर्डाला आठ जीबीच्या पुढची डिस्क दिसतच नाही. मोठी लावली तरी तो आठच मोजतो आणि गप्प बसतो. आप्पा, तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आपल्याला गायला लावून निम्म्यात उठून जाणारा पाहुणा. म्हणून नवा बोर्ड.

नगरला माळीवाड्यावर उतरून पाच मिनिटं चाललं की एक दुकान आहे. दुकानदार पूर्वी शिलाई मशीनं विकायचा. अजूनही कुठली वस्तू दिली की त्याचा हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो, मग तो लाजतो. त्याने मला आधी एक छोटा चकचकीत बोर्ड दाखवला.

"हा घ्या ताई. चित्र, आवाज, सगळं ह्याच्या आतच. लावा आणि विसरा."

"आतला आवाज बिघडला तर?"

"बोर्ड बदला."

"आणि माझ्याकडे चांगलं साउंड कार्ड आहे, ते कुठे खोचू?"

त्याने बोर्ड उलटा करून पाहिला, जसं काही मागच्या बाजूला जागा निघेल. माझं कार्ड जुन्या पद्धतीचं आहे, त्याला लांब स्लॉट लागतो, आणि टेपमधला आवाज आत घ्यायला त्याच्यासारखं दुसरं नाही. मी म्हटलं, दुसरं काही दाखवा. तो म्हणाला, दुसरं तुमच्या कामाचं नाही. मी म्हटलं, ते मी ठरवते. तेव्हा त्याने टेबलाखालून पेपरात गुंडाळलेली एक वस्तू काढली. आप्पा, जेवायच्या ताटाएवढा बोर्ड. पुण्याच्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, सर्व्हरचा. सर्व्हर म्हणजे एका कॉम्प्युटरवर पुष्कळ माणसांनी काम करायचं, तो. त्याला लांब स्लॉट दोन होते. चार डिस्का लागत होत्या, आणि मोठ्या डिस्का तो ओळखत होता. आणि एक गोष्ट अशी, की मी त्याला पुन्हा पुन्हा विचारली. त्याच्यात अशी मेमरी बसत होती, की एखादा आकडा जागच्या जागी चुकला तर ती स्वतः ओळखते आणि दुरुस्त करते. माणसाला असं काही बसवता आलं असतं तर, असं माझ्या मनात आलं. का आलं ते शेवटी सांगते.

"पण ताई, ह्याच्यावर शंभर माणसं काम करतात एकदम. तुमच्याकडे कितीजण?"

"मी आणि आई."

"आईपण कॉम्प्युटर चालवतात?"

"नाही. मला चालवतात."

तो हसला, पण सोडायला तयार नव्हता. म्हणाला, "हे बघा, इथे दोन प्रोसेसरांच्या जागा आहेत. तुम्ही घेणार एक. म्हणजे निम्मा बोर्ड रिकामा. रिकाम्या जागेसाठी कोण एवढी वस्तू घेतं?"

आणि मला तिथेच, त्याच गावात, पंचवीस वर्षांपूर्वीचे तुम्ही दिसलात. पार्टीसाठी पेटी घ्यायला तुम्ही मला बरोबर नेलं होतं. मी नऊ-दहा वर्षांची, तुमच्या खांद्यावर रस्त्याच्या गँगचा डांबर लागलेला टॉवेल. पेटीवाला एकेक पेटी वाजवून दाखवतोय, एकीपेक्षा एक गोड, आणि तुम्ही म्हणताय, "आवाज मागनं. आदी प्वाट दाखवा." त्याने नाखुशीनं स्क्रू काढले. आत पितळी पट्ट्यांच्या, सुरांच्या, दोन ओळी, आणि एका पेटीत तिसऱ्या ओळीची जागा कोरलेली पण सूर बसवलेले नाहीत. तुम्ही तीच धरलीत. पेटीवाला म्हणाला, रिकामी जागा घेऊन काय करता बाबा? तुम्ही म्हणालात, "सूर काय, कवाबी बसत्याल. जागा मागनं बसत न्हाई." परतीच्या एसटीत पेटी तुमच्या मांडीवर आणि मी पेटीवर. तिसऱ्या ओळीचे सूर काही आले नाहीत. दर वर्षी यायचे होते आणि दर वर्षी दुसरं काहीतरी आलं. पण जागा होती, आणि तुम्ही पाहुण्यांना झाकण उघडून ती जागा दाखवायचात, जसं काही एखादी खोली बांधून ठेवलीय.

मी दुकानदाराला म्हटलं, "हाच द्या. आणि तेरा जीबीच्या दोन डिस्का."

"दोन्ही मिळून सव्वीस होतात. एवढं आहे तुमच्याकडे?"

"नाही. दोन्हीवर तेच ठेवायचंय."

"एकाच गाण्याच्या दोन प्रती?"

"आमच्याकडे उंदीर आहे."

"ताई, डिस्क लोखंडी असते. उंदीर नाही खात."

"आमचा खाईल," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. बोर्ड बांधायच्या आधी एक प्रोसेसर बसवला, आणि दुसऱ्या जागेत एक छोटी हिरवी पाटी उभी होती ती उपसून काढली. "हिच्यावर काहीच नाही बघा. ना चिप, ना काही. उगाच वजन." मी बघत होते. आप्पा, मी तुमची मुलगी, मी बघत होते आणि एक अक्षर बोलले नाही.

घरी आणला, बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. पुन्हा दाबलं. पुन्हा पंखा फिरला. दोन दिवस मी एकेक वायर काढतेय आणि लावतेय, आणि आई दारात बसून सल्ले देतेय. पहिल्या दिवशी म्हणाली, "लई मोठं आनलंस. मोठ्याला उठाया येळ लागतो." दुसऱ्या दिवशी म्हणाली, "दे एक कानफटात, रेडू चालतो तसा." मी तिच्यावर ओरडले. मग मला वाईट वाटलं आणि तिला चहा दिला, तर म्हणाली, "चहा नगं, त्येला पाज." मनात मी घाबरले होते. दुकानदार बरोबर असेल आणि मी हट्टानं भंगार घेऊन आले असेन, तर दुसरा घ्यायची ऐपत नव्हती, आणि ट्रंकेतली बुरशी काही थांबणार नव्हती.

तिसऱ्या दिवशी बोर्डाबरोबर आलेलं पुस्तक घेतलं आणि पहिल्या पानापासून वाचायला बसले, डिक्शनरी मांडीवर. पन्नास-साठ पानांनंतर एक ओळ आली, की एकच प्रोसेसर लावला तर दुसऱ्या जागेत टर्मिनेटर कार्ड लावा. डिक्शनरीत टर्मिनेटर म्हणजे शेवट करणारा. हे काही समजेना. कोणाचा शेवट? डोकं बाजूला ठेवून मी कोपऱ्यातल्या पेटीवरची धूळ झटकायला उठले. झाकण उघडलं. तिसऱ्या ओळीच्या भोकांवर तुम्ही चिकटवलेली चामड्याची पट्टी अजून आहे, कडेला थोडी वळलेली. आणि मला एकदम तो दिवस आठवला. जयंतीचा कार्यक्रम, सगळे बसलेत, तुम्ही भाता मारताय, मारताय, आणि पेटीतून सूर निघत नाही, नुसता सुस्कारा. कारण आदल्या दिवशी खाली काय आहे बघायला म्हणून ती पट्टी मी उपटली होती. तुम्ही पेटी उघडलीत, बघितलंत, माझ्याकडे बघितलंत. भाकरीचं पीठ कालवून पट्टी चिकटवताना म्हणालात, "रिकामी जागा असावी, पन उघडी असू न्हाई. वारा तितनंच जातो."

मी पेटी तशीच उघडी टाकून फोन करायला एसटीडी बूथवर गेले.

"ती छोटी पाटी," मी दुकानदाराला म्हटलं, "काहीच नसलेली. आहे का?"

"ती होय? आहे की. बिलांवर ठेवलीय, पंख्यानं उडतात म्हणून."

"उचलू नका. म्हणजे उचला, पण टाकू नका. मी येतेय."

रुईछत्तीशीला एसटी पंक्चर झाली, तरी दुपारी पोचले. त्याने पाटी टॉवेलनं पुसून दिली आणि बिलांवर तेलाची बाटली ठेवली. म्हणाला, "ताई, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "आमच्या वडिलांनी." "ते कॉम्प्युटरमध्ये आहेत?" मी म्हटलं, "लवकरच असतील." बिचारा काही समजला नाही. घरी येऊन पाटी रिकाम्या जागेत बसवली, बटण दाबलं आणि बोर्ड एकदा टुक् करून बोलला. पडद्यावर अक्षरं धावायला लागली. आई म्हणाली, "उठलं गं बाई."

तेव्हापासून रोज दुपारी एक कॅसेट. दुपारी हायवे जेवायला थांबतो, रस्त्याचा आवाज कमी असतो. प्रत्येक कॅसेट सुरू होते ती स्टोव्हच्या आवाजानं. तुम्ही स्वयंपाकघरातच रेकॉर्डिंग करायचात, कारण बाहेरच्या खोलीचा पत्रा वाजायचा. पाच माणसं, पेटी, ढोलकी, आणि मधे आईचा पंपाचा स्टोव्ह. मग तुमचा आवाज, "बंद करा वो ते." फुस्स करत स्टोव्ह विझतो, तुम्ही खाकरता, भात्याचा एक श्वास, आणि गाणं. आईला मी हे पहिल्यांदा ऐकवलं तर ती गाण्याआधीच रडली. मग म्हणाली, "एक्केचाळीस येळा माझी भाजी अर्धी कच्ची ठिवली ह्या मानसानं." आता ती रोज येऊन बसते, कोण चुकलं ते सांगते, ढोलकीवाल्या काकांना अजून शिव्या देते. एक कॅसेट झाली की मी ती दुसऱ्या डिस्कवर उतरवते, दोन्हीकडून ऐकून बघते, आणि मगच फीत काढते. पाच तुटल्या. मी जोडल्या. तुमच्या जावयांच्याच पुस्तकात जोडायची रीत आहे, पेन्सिलीनं खूण केलेली, आणि समासात त्यांच्या अक्षरात लिहिलंय, "घाई नको."

चाळीस झाल्या. एक मी शेवटपर्यंत बाजूला ठेवली होती. कोणती ते तुम्हाला कळलं असेल.

मी चौदा वर्षांची. तुम्ही रस्त्याच्या गँगवर रचलेलं ते गाणं, "आम्ही घातली सडक, तिच्यावर आमची गाडी कधी?" त्या संध्याकाळी पहिल्यांदा टेपवर घेत होतात. मी कोरसमध्ये. तिसऱ्या कडव्यात सगळ्यांनी मिळून म्हणायचं धुपद मी उत्साहाच्या भरात सगळ्यांच्या आधी उचललं. तुम्ही पेटी थांबवलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "ज्याला ऐकू येत न्हाई त्येनं गाऊ न्हाई. चूल बघ जा." टेप चालूच होता. मी उठून परसातल्या चुलीकडे गेले आणि तुम्ही पुन्हा सुरू केलंत, आणि राग म्हणा की रंग, तुम्हाला गाता गाताच चौथं कडवं सुचलं. कुणी ऐकलेलं नव्हतं ते. भिंतीपलीकडे बसून मला शब्द कळले नाहीत, फक्त कडवं संपायच्या आत सगळे टाळ्या वाजवायला लागले एवढं ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी वस्तीत ती कॅसेट वाजली. गाण्यापेक्षा लोकांना तुमचं बोलणंच जास्त आवडलं. पाण्याला गेले की बाया म्हणायच्या, "काय गं, चूल बघितलीस का?"

मग एका दुपारी ते कडवं गेलं. जामखेडच्या कार्यक्रमाआधी उजळणी करायला म्हणून तुम्ही कॅसेट लावलीत, तर तिसऱ्या कडव्याच्या मध्यात खट् आणि पुढे सगळं सुनसान, आणि तुम्ही लगेच टेप बंद केलात. तुम्ही डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केलात. नाही आलं. म्हणालात, "गाता गाता आल्यालं गाता गाताच जातं." आई म्हणाली, "उंदरानं कुरतडलं आसंल." आणि सगळ्यांनी ते मान्य केलं. उंदीर फीत कुरतडेल, पण फितीतला आवाज कसा काढून घेईल, हा प्रश्न आपल्या घरात कुणाला पडला नाही. पिंजरा लावला. त्यात खरोखर एक उंदीर सापडला, आणि तुम्ही पिंजरा समोर ठेवून त्याची उलटतपासणी घेतलीत, "बोल, चवथं कडवं कुटं ठिवलंस?" वस्ती पोट धरून हसत होती. मीही हसले. तुम्ही मग त्याला ओढ्यापलीकडे सोडून आलात.

आप्पा, उंदीर नव्हता. मी होते. मला फक्त ते "चूल बघ जा" काढायचं होतं. दोन बटणं एकदम दाबली की नवीन आवाज भरला जातो आणि जुना जातो, एवढंच मला माहीत होतं. कितीसं गेलं हे कळायचं काही साधन नव्हतं. बटणं दाबून मी शेजारी बसून राहिले, आणि पुरेसं झालं असं वाटलं तेव्हा बंद केलं. पुढे ज्या धंद्यात मी आयुष्य काढलं, त्यातलं माझं पहिलं काम ते. म्हणून दोन डिस्का. म्हणून ती स्वतःची चूक ओळखणारी मेमरी.

ती कॅसेट मी काल लावली. आई शेजारी आपल्याच एका बाईकडे तिच्या नातवाला बघायला गेली होती, मुद्दाम तसा दिवस धरला. स्टोव्ह विझला. तुम्ही गायलात. तिसरं कडवं आलं, चौदा वर्षांच्या मी आधीच धुपद उचललं, पेटी थांबली, आणि खट्. पुढे काही नाही असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. पण बटणं दाबली म्हणजे माइकही चालूच होता की. चांगल्या कार्डातून, चांगल्या स्पीकरवर, त्या दुपारचं आपलं घर ऐकू यायला लागलं. कोंबडी. लांब कुठेतरी खडी फोडल्याचा आवाज. अगदी जवळ माझा श्वास, पळून आल्यासारखा. मग दाराची कडी, चपला, आणि तुम्ही.

"काय करती गं?"

"काय न्हाई. आभ्यास."

चपला पुढे सरकत नाहीत. तुम्ही उभेच आहात, हे मला वीस-एकवीस वर्षांनी कळतंय. मग तुम्ही अगदी साध्या आवाजात म्हणता, "बरं. त्येचा लाल दिवा लागलाय. झालं की बंद कर, सेल संपत्याल." आणि चपला बाहेर जातात.

तुम्ही आला होतात हे मला आठवत होतं. दिवा तुम्हाला दिसला होता हे मला माहीत नव्हतं. म्हणजे पिंजरा, उलटतपासणी, ओढ्यापलीकडे सोडणं, हे सगळं तुम्ही माझ्याकडे न बघता, माझ्यासाठी केलंत. पाच माणसांसमोर मला उठवलंत, आणि सबंध वस्तीसमोर मला वाचवलंत. मी स्पीकरसमोर बसले आणि हसले, इतकी की समोरचा चहावाला दारात येऊन विचारून गेला. तुमची एक्केचाळीस कॅसेटी गाणी आहेत, आणि माझ्याशी बोललेलं एवढंच आहे. ते मी दोन्ही डिस्कांवर ठेवलंय. आणि तिसरी एक प्रत वेगळी काढलीय, दुकानदाराला सांगू नका.

हे पत्र टाकायला पेटी एकच आहे, तुमची. घडी घालून तिसऱ्या ओळीच्या जागेवर, चामड्याच्या पट्टीवर ठेवते. वारा जाणार नाही.

आईला मात्र मी अजून सांगितलेलं नाही. ती संध्याकाळी आली तेव्हा म्हणाली, "ती उंदराची कॅसेट लावलीस का?" मी लावली म्हटलं. ती म्हणाली, "मुडदा बशिवला त्येचा, सोन्यासारकं कडवं खाल्लं." मी मान हलवली, आणि तिला चहा दिला.